रूपालीचा गुडघा

मॅडम, तुम्ही नेमकं काय काम करत होता, असं कुणी विचारलं तर मी सांगते, वस्तू दाबून बघत होते. याहून खरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या टेस्टिंग लॅबमध्ये माझी नोकरी झाली. उद्यमनगरातले, शिरोलीतले फाउंड्रीवाले त्यांनी ओतलेलं लोखंड आमच्याकडं तपासायला आणायचे. घासून गुळगुळीत केलेल्या तुकड्यावर एक टणक गोळी ठरलेल्या वजनानं टेकवायची, उचलायची आणि मागं राहिलेला खळगा भिंगातून मोजायचा. खळगा लहान तर लोखंड कठीण, मोठा तर मऊ. एखादा फाउंड्रीवाला दारातूनच ओरडत यायचा, "मॅडम, पुण्याची पार्टी माल परत पाठवाय लागलीया, जरा चांगला रिपोर्ट द्या की!" मी म्हणायचे, "मला कशाला सांगता? लोखंडाला सांगा."

लोखंडावर उठलेली खूण जात नाही. आज बघा, दोन वर्षांनी बघा, तेवढीच असते. त्यामुळं पहिल्यांदा जेव्हा माझ्या यंत्राखाली एक पांढरा, ओला, मोत्यासारखा चमकणारा तुकडा आला, आणि त्याच्यावर उठलेला खळगा माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून येऊन नाहीसा झाला, तेव्हा मी नुसती बघत राहिले. बाहेर वर्कशॉपचा खडखडाट चालू होता आणि मला तो ऐकू येत नव्हता. झोप लागायच्या आधी माणूस जसा असतो, अर्धा इथं, अर्धा कुठंतरी, तशी माझी गत झाली होती. पुढं या कामात कितीतरी दुपारी तशाच गेल्या.

तो तुकडा बोकडाच्या गुडघ्यातला होता. आणि मी शाहूपुरीतल्या जैन घराची सून.

झालं होतं असं. हाडांचे एक डॉक्टर, इनामदार त्यांचं नाव, एक दिवस लॅबमध्ये आले. ते गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया करायचे. म्हणाले, "मॅडम, मी रोज पेशंटना सांगतो की गुडघ्यातली गादी झिजलीय. झिजलीय म्हणजे नेमकं काय झालंय? किती मऊ झालीय? भार किती घेते? तुम्ही लोखंडाचं सांगता, तसं याचं सांगाल?" मी हो म्हणाले. का म्हणाले, ते आठवत नाही. कदाचित लोखंडाचा कंटाळा आला असेल.

ज्याला डॉक्टर पेशंटसमोर गादी म्हणतात, तिचं नाव कूर्चा. मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीच्या हाडाचं टोक जिथं भेटतात, तिथं दोन्ही टोकांवर तिचा थर असतो. दोन-चार मिलिमीटरचा. बहुतेक पाणीच. एक बारीक धाग्यांचं जाळं आणि त्यात धरून ठेवलेलं पाणी, अशी ती समजा. आपण पाऊल टाकलं की भार आधी त्या पाण्यावर येतो. पाण्याला पळून जायचं असतं, पण वाटा इतक्या अरुंद की त्याला लगेच जाता येत नाही. ते अडकून राहतं आणि अडकलेलं पाणीच आपल्याला तोलून धरतं. भार तसाच राहिला तर पाणी थेंबाथेंबानं बाहेर सरकतं, कूर्चा दबत जाते. भार उचलला की पाणी परत आत येतं आणि ती पुन्हा फुगते. जन्मभर हेच चालू असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

लोखंडाचं यंत्र या कामाला फारच आडदांड होतं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आम्ही एक हलकं यंत्र जमवलं. खाली मिठाच्या पाण्याची वाटी, तिच्यात बुडवलेला कूर्चेचा तुकडा, वरून हळुवार टेकणारी एक बोथट दांडी, आणि शेजारी संगणकाच्या पडद्यावर उमटत जाणारी रेघ. हात बसावा म्हणून आधी बोकडाच्या गुडघ्यांवर सराव करायचं ठरलं. मंगळवार पेठेत एक मटणाचं दुकान होतं. दुकानदाराला मी म्हटलं, मला फक्त गुडघ्याचे सांधे द्या, जे कापून झालंय त्यातलेच. तो सुरी थांबवून माझ्याकडं बघत राहिला.

"वहिनी, तुम्ही खाणाऱ्यातल्या दिसत न्हाईसा."

"नाही खात."

"मग गुडघं कशाला?"

"दाबून बघायला."

त्यानं शेजारच्या गिऱ्हाइकाकडं पाहिलं, गिऱ्हाइकानं त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं पिशवी भरून दिली. पुढं तो मला लांबूनच ओळखायचा आणि गर्दीत ओरडायचा, "गुडघंवाल्या मॅडमना वाट द्या!"

घरी हे लपवणं मला जमलं नसतं. सासूबाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होत. त्या दिवशी त्या पानावर बसल्या, पहिला घास मोडला. मग म्हणाल्या, "तू काही त्याला मारत नाहीस. पण घरात पाऊल टाकायच्या आधी आंघोळ कर." आणि हात धुवायला उठताना भिंतीला धरून, कळ दाबून, हळूच म्हणाल्या, "आमच्या गुडघ्यांचं काही होतंय का, तेही बघ."

पुढं डॉक्टरांकडून माणसांचे तुकडे यायला लागले. गुडघा बदलताना जे हाड कापून टाकतात, ते पेशंटच्या लेखी परवानगीनं आमच्याकडं यायचं. झिजलेली कूर्चा मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाईट वाटलं. ती चमक नव्हती. पिवळट झालेली, कुठं मखमल फाटावी तशी उसवलेली, कुठं पार नाहीशी होऊन खालचं हाड उघडं पडलेलं. दाबली की सपकन खाली जायची. जाळं तुटलेलं असल्यामुळं पाण्याला धरून ठेवणारं कुणी नव्हतं. वाटा मोकळ्या झाल्या होत्या आणि पाणी भार न घेताच निघून जायचं. भार उचलल्यावर ती परत वर यायला बघायची, पण पूर्वीइतकी येत नसे. पडद्यावरची रेघ मध्येच थकल्यासारखी आडवी व्हायची.

पण झिजलेलीची तुलना करायची कशाशी? धडधाकट माणसाचा गुडघा कुणी कापत नाही. बोकड आणि माणूस एक नव्हे. डॉक्टर म्हणायचे, "थांबा, मिळेल कधीतरी." त्या 'मिळेल'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता, म्हणून तो विषय आम्ही फार लांबवत नसू.

तो मिळाला पावसाळ्याच्या सुरुवातीला. गगनबावड्याकडची एक तरुण बाई, रूपाली, स्कूटरवरून दुधाचे कॅन डेअरीला घालून परत येत होती. वळणावर गाडी घसरली आणि मागून आलेल्या ट्रकचं चाक तिच्या नडगीवरून गेलं. पाय वाचवायचा डॉक्टरांनी फार प्रयत्न केला. पण जखमेतलं विष वर चढायला लागलं, स्नायू मेले, आणि शेवटी गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागला. गुडघ्याचा सांधा मात्र आतून स्वच्छ होता. ती शुद्धीवर नव्हती. तिच्या भावानं, संदीपनं, परवानगी दिली. पायाचा बाकीचा भाग घरच्यांनी गावी नेऊन पुरला. सांधा आमच्या फ्रीजरमध्ये आला. डॉक्टर आणि मी ठरवलं, ती बरी होऊन स्वतः हो म्हणेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

आम्ही विचारायच्या आधीच ती आली.

दुपारची वेळ होती. दारात कुबड्यांचा आवाज झाला. एक सावळी, रुंद खांद्यांची मुलगी उभी होती, मागं तोंड उतरलेला भाऊ. तिनं आत पाऊल टाकलं आणि सरळ विचारलं, "मॅडम, माझा गुडघा कुठं हाय?"

मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"मला कुणी इचारलं?" ती म्हणाली. "ह्यानं सही केली. ह्याचा गुडघा हुता व्हय? मी आज डॉक्टरांकडं आलतो, तवा ह्याच्या तोंडातनं निघालं." आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका आलो, गेलो असंच बोलतात. तिच्या तोंडी ते शोभत होतं. "रोज दुपारी माझा गुडघा दुखतोय. न्हाय तो गुडघा. कुणीतरी वरनं दाबून धरल्यागत. दुमडल्याला हाय आणि सरळच हुत न्हाय. मी म्हटलं, मला येड लागलं. आज कळलं, तुम्ही हितं दाबत बसलाय."

संदीप म्हणाला, "ताई, तसं नसतंय गं."

"तू गप."

काढलेला अवयव दुखतो, हे मी ऐकून होते. मेंदूला तो अजून तिथंच आहे असं वाटत राहतं. ते सगळं मला तिला समजावून सांगता आलं असतं. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून ते सांगवेना. मी एवढंच म्हटलं, "रूपाली, मी अजून त्याला हात लावलेला नाही. तुला विचारायचं राहिलं होतं. तो तिथं फ्रीजरमध्ये आहे, जसा आला तसा."

ती फ्रीजरकडं बघत राहिली. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"बर्फात हाय?"

"हो."

"तरीच," ती म्हणाली, "तरीच गार लागतंय."

मी खुर्ची पुन्हा पुढं केली. ती खुर्चीत बसली. संदीप तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघायला लागला.

तुला नेऊन पुरायचा असेल तर आजच्या आज देते, असं मी तिला सांगितलं, आणि मला ते खरंच करायचं होतं. तिनं विचारलं, "तुम्ही दाबून काय बघनार हुता?" मी तिला गादीचं सांगितलं, अडकलेल्या पाण्याचं सांगितलं. झिजलेला एक तुकडा काढून दाखवला. तिनं तो बराच वेळ न्याहाळला.

"ही कुणाची?"

"एका आजींची. नाव आम्हाला सांगत नाहीत."

"म्हातारी लई चालल्याली दिसतीया." मग थोड्या वेळानं, "माझा ह्याच्यापेक्षा बरा आसंल?"

"तेच बघायचं होतं."

ती विचार करत बसली. दुपार कलली, वर्कशॉपची सुट्टी झाली, आवाज थांबले. शेवटी ती म्हणाली, "बघा. पन मी समोर बसनार. माझ्या माघारी दाबायचा न्हाय."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. लॅबमध्ये पेशंट? मी म्हटलं, पेशंट नाही, मालकीण आहे. तिनं स्वतःच्या हातानं कागदावर सही केली, आणि काम सुरू झालं.

त्या दिवसांत ती मंगळवार पेठेत मावशीकडं राहत होती. सकाळी व्यायामाला आणि कृत्रिम पायाच्या मापाला जायची आणि दुपारी रिक्षानं माझ्याकडं यायची. मी सांध्यातून शर्टाच्या बटणाएवढे गोल तुकडे काढले, खाली थोडं हाड, वर कूर्चा. पहिला तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवला तेव्हा ती पुढं वाकली. पांढरा शुभ्र, किंचित निळसर झाक, आणि वरचा भाग असा नितळ की खिडकी त्यात दिसत होती.

"हे माझ्यात हुतं?"

"हो."

"आणि मी कधी बघितलंच न्हाय."

दांडी खाली आणण्याआधी मी थांबले. तिनं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती तेव्हाच सांगायला हवी होती. "रूपाली, हे बघ. या गादीत रक्त नसतं आणि नसाही नसतात. हिला दुखत नाही. कुणाच्याच गुडघ्यातली गादी दुखत नाही. म्हाताऱ्या माणसांचं दुखतं ते गादीखालचं हाड, आजूबाजूचं मांस. ही स्वतः कधीच दुखत नाही. तुझ्या पायात होती तेव्हाही तिला कधी दुखलेलं नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "एवढं ओझं उचललं मी. कॅन उचललं, चिखलात भात लावलं. ह्याला कायच कळलं न्हाय?"

"काहीच नाही."

"बरं झालं की," ती म्हणाली, आणि खुर्ची सोडली. "दाबा."

मी दांडी टेकवली. रेघ खाली उतरायला लागली, अगदी सावकाश, जणू तिला कुठं जायची घाईच नाही. झिजलेल्या तुकड्याची रेघ क्षणात तळ गाठायची. ही उतरत होती आणि उतरतच होती. आत पाणी अडून बसलं होतं आणि जागा सोडायला तयार नव्हतं. इतकी वर्षं मी पुस्तकात वाचत होते की चांगली कूर्चा अशी असते. डोळ्यांनी पाहिली ती तेव्हा.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"दुखलं का काही?"

तिनं डोळे मिटून आपल्या नसलेल्या गुडघ्याकडं लक्ष दिलं. "दुखतंय. पन रोजच्याइतकंच. तुम्ही दाबलं म्हणून जास्त न्हाय झालं." मग डोळे उघडून ती म्हणाली, "म्हणजे ह्यो गुडघा निराळा आणि दुखतोय तो निराळा."

हे काम वाट बघायचं आहे. भार टेकवल्यावर रेघ स्थिर व्हायची वाट बघायची, उचलल्यावर ती परत वर यायची वाट बघायची. मध्ये करण्यासारखं काही नसतं. पंखा फिरत राहतो, वाटीतलं पाणी हलत नाही, पडद्यावर एक ठिपका सरकतो की नाही सरकत ते कळत नाही. बाहेर पडतो नि थांबतो असा पाऊस. अशा वेळी माणूस बोलतं किंवा पेंगतं. आम्ही दोन्ही केलं. ती म्हशींबद्दल बोलायची. दूध काढायला उकिडवं बसता येत नाही म्हणून आता घरात सगळे तिला खाटेवर बसवून ठेवतात, याचा तिला फार राग होता. "खाटंवर बसून म्हस माझ्याकडं येनार हाय व्हय?" गगनबावड्याच्या धुक्याबद्दल बोलायची, की सकाळी गोठ्यातून घर दिसत नाही आणि घरातून गोठा, फक्त म्हैस खाकरली की कळतं कुठं जायचं. ऐकता ऐकता मला ते धुकं लॅबमध्ये भरल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी मी भार उचलला आणि तुकडा फुगायची वाट बघत बसले. तिनं खुर्चीत मान टाकली होती, झोपली होती. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. पडद्यावरची रेघ वर चढत होती, इतकी हळू की बघून बघून माझेही डोळे जड झाले. मी झोपले होते की जागी होते, मला सांगता येणार नाही. रेघ जिथून निघाली होती त्या जागेला येऊन टेकली, आणि त्याच सुमाराला रूपालीनं डोळे उघडले.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "पाय सरळ झाला."

"काय?"

"दुमडल्याला हुता. आत्ता सुटला. मी सपनात गोठ्याकडं चाललोतो, दोन्ही पायांनी. आणि सुटला."

ती न हलता बसली होती. हललं की परत दुमडेल, अशी तिला भीती वाटत असावी. मीही हलले नाही. आम्ही दोघी तशाच बसलो आणि पडद्यावर सरळ रेघ पुढं पुढं जात राहिली.

इनामदार डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तिला आरशासमोरचे व्यायाम दिले आहेत, चांगला पाय आरशात बघून मेंदूची समजूत पटते, त्याचा गुण आला असणार. बरोबरच असेल. मी वाद घातला नाही. आणि खरं सांगायचं तर दुखणं काही कायमचं गेलं नाही. त्याच आठवड्यात परत आलं. पण दुमडून बसलेला तो पाय मात्र त्यानंतर मोकळाच राहिला, असं ती सांगते.

शेवटचा तुकडा तपासून झाला त्या दिवशी तिनं मला विचारलं, "कसा हुता मग?"

मी कागद पुढं ओढला आणि आकडे सांगायला लागले. दाबाला विरोध किती, पाणी झिरपायचा वेग किती, परत यायला लागणारा वेळ. ती ऐकत होती, पण तिला ते नको होतं. मी कागद बाजूला ठेवला.

"रूपाली, मी आयुष्यभर वस्तू तपासल्या. इतकी चांगली वस्तू माझ्या यंत्राखाली कधी आली नव्हती."

तिचा चेहरा तसाच राहिला. मग ओठ हलले आणि ती रडायला लागली. अपघातानंतर ती रडली नव्हती, हे मला संदीपनं नंतर सांगितलं. मी उठून तिच्याजवळ गेले. तिनं माझ्या कमरेला मिठी मारली आणि मोकळ्या आवाजात रडली. वर्कशॉपमधली दोन-तीन माणसं दारापर्यंत येऊन परत गेली.

उरलेल्या सांध्यावरून डॉक्टरांचं आणि माझं थोडं वाजलं. अजून बरेच तुकडे निघण्यासारखे होते. "मॅडम, असा गुडघा आपल्याला परत मिळणार नाही," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. पुढं आणखी कितीतरी बघता आलं असतं, आणि ते बघायचं राहून गेलं याची हळहळ मला आजही वाटते. पण रूपाली म्हणाली होती, तपासून झाल्यावर परत न्यायचा, आणि मी हो म्हणाले होते. शेवटी डॉक्टरच मवाळ झाले. लागणारी परवानगी त्यांनी स्वतः खटपट करून मिळवून दिली. आमचा लेख पुढं छापून आला. त्यात तिचा उल्लेख निरोगी नमुना असा आहे. नाव घालता येत नाही, नियम तसा आहे, आणि नियमाचं कारण मला पटतं. तरी ते पान उघडलं की माझा हात तिथं थोडा थांबतो.

दिवाळी झाल्यावर आम्ही गगनबावड्याला गेलो. संदीप जीप घेऊन आला होता. रूपाली पुढच्या सीटवर, नव्या पायावर साडी नीट सारखी करून बसली होती, उरलेल्या सांध्याचा डबा मांडीवर. पोचलो तेव्हा धुकं होतं. त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला, जिथं पाय पुरला होता तिथं, संदीपनं आधीच खड्डा काढून ठेवला होता. तिची आई लांब उभी राहिली, पदर तोंडाला लावून.

रूपालीला नव्या पायानं खाली बसायला अजून जमत नव्हतं. तिनं डबा माझ्याकडं दिला. "तुम्ही ठेवा, मॅडम. तुम्ही त्याला वळखता."

मी बांधावर गुडघे टेकले. जे काय होतं ते हलक्या हातानं ओल्या मातीत ठेवलं. संदीपनं माती लोटली. तिच्या आईनं दुरून हात जोडले. माझ्या तोंडात लहानपणापासून पाठ असलेला णमोकार मंत्र आला, तो मी मनातल्या मनात म्हटला. तिथं तो चालतो की नाही, मी विचार केला नाही. खालच्या बाजूला गोठ्यातून घंटेचा आवाज येत होता.

मग मला उठायचं होतं, आणि उठता येईना. माझेही गुडघे तेव्हा साठीला आले होते, त्यांची कळ मी कुणाला सांगत नसे. एक हात चिखलात टेकवला, तो घसरला. संदीप पुढं यायला लागला, तेवढ्यात रूपाली नवा पाय टाकत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि थोडी वाकून खांदा पुढं केला.

"ह्या अंगाला धरा. ह्यो पाय दुखत न्हाय. टाका भार."

"तू पडशील गं."

"टाका की मॅडम."

मी तिच्या खांद्यावर दोन्ही हात टेकवले आणि सगळं वजन टाकलं. ती जरासुद्धा हलली नाही.